नळाच्या पाण्यातले परजीवी आणि फिल्टर प्लँट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला, नळाला गढूळ पाणी आलं की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून या वेळी सगळ्यांची उत्तरं एकदाच बसून लिहून काढली. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काही वर्षं काम केलंय आणि माझा मावसभाऊ एका तालुक्याच्या फिल्टर प्लँटवर ऑपरेटर आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे. थोडं लांबलंय, पण विषयच असा आहे की दोन ओळींत संपत नाही.

परजीवी म्हणजे नक्की काय? जंतू, व्हायरस, परजीवी सगळं एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. कॉलरा, टायफॉईडचे ते बॅक्टेरिया. कावीळ, रोटाव्हायरस हे व्हायरस, म्हणजे बॅक्टेरियापेक्षाही खूप बारीक. आणि परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून जगणारे, ज्यांच्यात अमीबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय आले आणि जंत, नारू हे कृमीही आले. आव पडणं म्हणतो ना आपण, रक्त-शेंबूड पडून पोटात मुरडा, ते अमीबामुळेही होतं. जिआर्डियात आव नसते, पण जुलाब आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, शौचाला तेलकट आणि घाण वासाचं होतं, मूल वाळत जातं.

पाण्यातून येताना हे परजीवी जिवंत हालचाल करत येत नाहीत, स्वतःभोवती जाड कवच करून येतात. त्याला सिस्ट म्हणतात, क्रिप्टोच्या बाबतीत ऊसिस्ट. आकार सांगते, पुढे कामाला येईल: अमीबाची सिस्ट साधारण १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जिआर्डियाची ८ ते १२ आणि क्रिप्टोची फक्त ४ ते ६. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो. तर क्रिप्टोची बारा-पंधरा ऊसिस्ट एका ओळीत मांडली तर कुठे केसाची जाडी भरेल.

पाण्यात क्लोरीन टाकतात ना? मग मरत नाहीत का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. क्लोरीन बॅक्टेरियावर जबरदस्त चालतो. लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असेल तर ई. कोलाय, म्हणजे मैलापाण्याची खूण म्हणून तपासतात तो बॅक्टेरिया, मिनिटभरातच खलास होतो. तेवढ्याच क्लोरीनमध्ये, २५ अंशाच्या पाण्यात, जिआर्डियाला मरायला ४५ मिनिटं लागतात आणि पाणी गार असेल तर त्याहून कितीतरी जास्त. आणि क्रिप्टो? १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांच्या वर. आपल्या नळाला येईपर्यंत क्लोरीन ०.२ ते ०.५ असतो, म्हणजे हिशोब अजूनच लांबतो, आणि साडेदहा दिवस पाणी कुठल्याही टाकीत थांबत नाही.

त्यामुळे नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी सेफ, हे बॅक्टेरियापुरतं बरंचसं खरं आहे, क्रिप्टोपुरतं अजिबात नाही. म्हणून क्लोरीन बंद करा असा अर्थ कुणी काढू नका, क्लोरीन हवाच, त्याने लाखो जीव वाचवलेत. फक्त परजीवी अडवायचं काम त्याच्या आधीच्या टप्प्यावर झालेलं असायला हवं, एवढंच म्हणायचंय.

मग हे परजीवी अडतात तरी कुठे?

तुरटी आणि वाळू. म्हणजे अगदी आजीच्या हंड्यातली तुरटी, तीच मोठ्या प्रमाणावर.

प्लँटमध्ये धरणाचं पाणी आधी पायऱ्या-पायऱ्यांवरून सोडतात, त्यात हवा मिसळते. मग त्यात तुरटी किंवा पॅक, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराईड, टाकून जोरात घुसळतात, मग हळूहळू ढवळतात, मग क्लॅरिफायर नावाच्या मोठ्या गोल टाकीत गाळ खाली बसू देतात, वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या फिल्टर बेडवर जातं आणि शेवटी क्लोरीन. आता गंमत वाळूची आहे. रॅपिड सँड फिल्टरची वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, तिच्या कणांमधल्या फटी क्रिप्टोपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. म्हणजे नुसती चाळणी म्हणून बघितलं तर पाच मायक्रॉनचा परजीवी तिच्यातून आरामात खाली जाईल. तो अडतो ते तुरटीमुळे. पाण्यातल्या मातीच्या कणांवर आणि या सिस्टवरसुद्धा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत सुटे सुटे तरंगत राहतात. तुरटी तो भार मारते, मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, त्या पुंजक्यांत परजीवी अडकतो आणि काही खाली बसतात, उरलेले वाळूला चिकटतात.

मावसभावाने मला जार टेस्ट दाखवली होती जुलैमध्ये. सहा काचेचे जार, प्रत्येकात तेच नदीचं चहासारखं तपकिरी पाणी, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं, वरून सहा पाती एका वेळी फिरतायत. दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसेना, आणि मग तिसऱ्या आणि चौथ्या जारमध्ये दूध नासताना सुरुवातीला बारीक कण दिसतात ना, तसे कण दिसायला लागले, ते मोठे होत गेले, पाती थांबवली तसे हळूहळू खाली बसले आणि वर पाणी एकदम नितळ. पहिल्या दोन जारमध्ये तुरटी कमी पडली होती, शेवटच्या दोनमध्ये जास्त झाली होती, तिथलं पाणी गढूळच राहिलं. तो म्हणाला, "ताई, लोक क्लोरीनचा वास आला की खूश होतात, पण पावसाळ्यात आमची सगळी लढाई तुरटीच्या डोसाची असते. रात्री नदीला पूर आला आणि डोस तोच राहिला की सकाळी फिल्टर बोंबलला समजा." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण परजीवींचा अख्खा विषय त्यात आहे.

बॅकवॉश म्हणजे काय? आमच्या इथला ऑपरेटर म्हणतो बॅकवॉशनंतर लगेच पाणी सोडायचं नसतं, ते का?

बरोबर म्हणतोय तो. फिल्टर एक-दोन दिवस चालला की वाळूत गाळ साठतो, मग खालून हवा आणि पाणी उलट्या दिशेने सोडून तो धुतात. बघण्यासारखं असतं ते, शांत पडलेला बेड अचानक उकळल्यासारखा उसळतो, वर तपकिरी फेसाळ पाणी येतं आणि काही मिनिटांत ते स्वच्छ होत जातं. पण नुकत्या धुतलेल्या वाळूची पकड काही वेळ कमी असते, पहिली पंधरा मिनिटं ते अर्धा तास तिच्यातून कण जास्त सुटतात, परजीवीसुद्धा. म्हणून ते पहिलं पाणी गटारात किंवा परत सुरुवातीला सोडायचं असतं. तसंच उलट, फिल्टर धुवायला उशीर केला तर साठलेला गाळ एकदम खालून सुटायला लागतो.

अजून एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. बॅकवॉशचं घाण पाणी पाणी वाचवायला म्हणून पुन्हा प्लँटच्या तोंडाशी आणून सोडतात. त्यात वाळूने अडवलेले सगळे परजीवी एकवटलेले असतात. ते नीट निवळून, ठरलेल्या जागीच आणि हळूहळू सोडलं तर ठीक, नाहीतर आपणच पकडलेला चोर परत दारात आणून सोडला. अमेरिकेने यासाठी २००१ मध्ये वेगळा नियमच केला.

टक्केवारीत सांगा, किती परजीवी निघतात?

नीट चालवलेला प्लँट, म्हणजे तुरटी बरोबर, निवळणं बरोबर, वाळू बरोबर, तर ९९ ते ९९.९ टक्के निघतात, कधी त्याहूनही जास्त. या क्षेत्रात टक्क्यांऐवजी लॉग म्हणतात, २ लॉग म्हणजे ९९ टक्के, ३ लॉग म्हणजे ९९.९. अमेरिकेत १९८९ च्या नियमाने जिआर्डियासाठी ३ लॉग सक्तीचं केलं, क्रिप्टोसाठी १९९८ मध्ये किमान २ लॉग आलं आणि २००६ मध्ये ज्यांचं मूळचं पाणीच जास्त खराब त्यांना अजून वाढीव उपाय करायला लावले.

९९ ऐकायला भारी वाटतं, पण समजा नदीच्या पाण्यात अमुक इतक्या पाण्यामागे १००० ऊसिस्ट आहेत, तर ९९ टक्के काढूनही १० उरतात, ९९.९ काढले तर १. आणि क्रिप्टो किंवा जिआर्डियाच्या दहा-वीस सिस्ट पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडू शकतो. म्हणून प्लँट कितीही चांगला असला तरी वरच्या अंगाला नदीत मैलापाणी किती सोडलं जातंय यावर शेवटचं उत्तर अवलंबून असतं. नदी साफ ठेवणं हा पाणी शुद्ध करण्याचाच पहिला टप्पा आहे, मी तर म्हणेन सगळ्यात महत्त्वाचा.

एनटीयू एनटीयू म्हणतात ते काय असतं?

गढूळता मोजायचं माप. पाण्यातून प्रकाश सोडायचा, कणांवर आपटून तो किती विखुरतो ते मोजायचं. परजीवी थेट मोजणं फार अवघड आणि महागडं आहे, गढूळता मात्र दर मिनिटाला मोजता येते, आणि फिल्टरमधून मातीचे कण सुटतायत तर त्यांच्याच आकाराचे परजीवीही सुटत असणार, असा साधा तर्क आहे. आपल्या आयएस १०५०० या मानकात १ एनटीयूपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. अमेरिकेत फिल्टरमधून आलेल्या पाण्याचे ९५ टक्के नमुने ०.३ च्या आत लागतात. हा फरक छोटा नाहीये. १ एनटीयूचं पाणी ग्लासात अगदी स्वच्छ दिसतं, डोळ्यांना काही कळत नाही, आणि परजीवींच्या दृष्टीने १ आणि ०.३ यात बराच फरक असू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या मोठ्या शहरांनी तरी स्वतःहून ०.३ चं टार्गेट ठेवावं, मशिनरी तीच लागते, फक्त लक्ष जास्त द्यावं लागतं.

असं कधी खरंच झालंय का, की प्लँट चालू असूनही शहर आजारी पडलं?

झालंय, आणि गरीब देशात नाही, अमेरिकेत. मिलवॉकी शहर, १९९३. मिशिगन तलावाचं पाणी, दोन मोठे प्लँट, तुरटी, वाळू, क्लोरीन सगळं व्यवस्थित. मार्चच्या शेवटी तलावात बर्फ वितळून आलेलं आणि पावसाचं पाणी मिसळलं, मूळचं पाणी गढूळ झालं, आणि दक्षिणेकडच्या हॉवर्ड अॅव्हेन्यू प्लँटमध्ये रसायनाचा डोस त्या बदलाबरोबर पुरेसा जुळला नाही. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी तुरटी सोडून पॅक वापरायला सुरुवात केली होती, हात बसलेला नव्हता. २८ आणि ३० मार्चला बाहेर पडणाऱ्या पाण्याची गढूळता १.७ एनटीयूपर्यंत गेली. १.७, बास. त्या वेळच्या नियमांत ते बसत होतं. क्लोरीन पुरेसा होता, कोलिफॉर्म बॅक्टेरिया सापडत नव्हते, म्हणजे रोजच्या तपासणीत पाणी पास.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुकानांत जुलाबाची औषधं संपली, शाळांत पोरं नाहीत, दवाखान्यांत स्टाफ नाही. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात क्रिप्टो सापडला आणि ७ एप्रिलच्या रात्री महापौरांनी पाणी उकळून प्या असं जाहीर केलं. ९ तारखेला प्लँट बंद केला. तोवर अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले होते. मेलेल्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते, ज्यांचं शरीर क्रिप्टोशी लढू शकत नव्हतं, आणि तेव्हा त्यावर धड औषधही नव्हतं.

मला यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट बर्फाची वाटते. पाण्यात परजीवी होते हे नंतर सिद्ध कसं करणार, ते पाणी तर केव्हाच वाहून गेलं? तर त्या दिवसांत नळाच्या पाण्याचा बर्फ केलेल्या काही लाद्या शिल्लक होत्या. त्या वितळवून तपासल्या आणि ऊसिस्ट सापडल्या. आधी सगळ्यांनी गुरांच्या शेणावर बोट ठेवलं होतं, नंतरच्या जनुकीय तपासणीत तो माणसांतला प्रकार निघाला, म्हणजे मूळ बहुधा माणसाचंच मैलापाणी. शहराने पुढे १९९८ मध्ये ओझोन वायूने पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली, तलावातून पाणी घेणारा पाइप अजून आत नेला आणि प्रत्येक फिल्टरवर सतत नजर ठेवायला सुरुवात केली.

मुंबई-पुण्याचं पाणी मग भरवशाचं आहे का?

मोठ्या शहरांचे प्लँट पूर्ण पद्धतीचे आहेत, तुरटी, निवळण, वाळू, क्लोरीन. मुंबईचं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, भांडुपचं केंद्र तर आशियातल्या सगळ्यात मोठ्यांत धरतात. शिवाय मुंबईची धरणं बरीचशी जंगलात, तानसा, वैतरणा, तुळशी, विहार, वरच्या अंगाला मोठी शहरं नाहीत. ही फार मोठी देणगी आहे, त्या जंगलावर कुणी हात टाकायला निघालं की पाण्यासाठीसुद्धा ओरडायला हवं.

काळजी मला छोट्या गावांची आणि शहरांना नव्याने जोडलेल्या गावांची जास्त वाटते. तिथे बऱ्याच ठिकाणी विहिरीचं किंवा बंधाऱ्याचं पाणी थेट टाकीत चढवतात आणि जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, क्लोरीन आहे का बघायच्या ओटी टेस्टला पिवळं आलं की झालं. फिल्टर नाहीच. टीसीएलने कॉलरा अडेल, जिआर्डिया भरवशाने अडणार नाही आणि क्रिप्टो तर नाहीच, याचं कारण वर सांगितलंच. नॉर्वेतल्या बर्गन शहरात २००४ मध्ये हेच झालं, तलावाचं स्वच्छ दिसणारं पाणी, नुसता क्लोरीन, फिल्टर नाही, आणि हजारो लोकांना जिआर्डिया.

पुण्यात जीबीएस झाला तो परजीवीमुळे होता का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात त्या गियाँ-बारे आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा बॅक्टेरिया आणि नोरोव्हायरस सापडले होते. कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनने पटकन मरतो. ती गोष्ट वेगळी, पण त्यातून चर्चा झाली ती याचीच की शहरात आलेल्या गावांना पूर्ण शुद्ध केलेलं पाणी मिळतं का, आणि ती चर्चा परजीवींनाही तशीच लागू आहे.

आजी सांगते पूर्वी नारू व्हायचा. तो पाण्यातूनच ना? आता का दिसत नाही?

हो, पिण्याच्या पाण्यातूनच, आणि महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होता. पायाला फोड यायचा, तो फुटून त्यातून हातभर लांब दोऱ्यासारखा कृमी हळूहळू बाहेर यायचा, माणूस कितीतरी आठवडे अंथरुणाला. पायऱ्यांच्या विहिरीत असा माणूस पाय घालून उतरला की पाण्यात अळ्या सुटायच्या, त्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या पाणकिड्यात शिरायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याला नारू.

सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा, नीट बघितलं तर डोळ्यांना दिसतो, म्हणून दाट कापडाने पाणी गाळलं की तो अडतो. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, हापसे बसवले, विहिरीत औषध टाकलं, घरोघरी गाळायची कापडं वाटली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तेही कुठल्याही लशीशिवाय. पण लक्षात घ्या, जे चार पदरी फडकं नारू अडवतं ते जिआर्डिया अडवत नाही, दोघांच्या आकारात शंभरपट फरक आहे.

मुलांच्या पोटातले जंत नळाच्या पाण्यातून येतात का?

क्वचित. जंताची अंडी ५० मायक्रॉनच्या आसपास, जड, ती गाळात बसतात आणि वाळूत अडकतात, धड चालणाऱ्या प्लँटमधून सहसा येत नाहीत. ती येतात मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, नखांतून. १० फेब्रुवारीला शाळेत जी अल्बेंडाझोलची गोळी देतात ती मुलांना घेऊ द्या, आणि पालेभाजी खळखळून धुवा.

मेंदू खाणारा अमीबा नळातून येऊ शकतो का? केरळच्या बातम्या बघून भीती वाटते.

तो नेग्लेरिया. पिऊन होत नाही, पाणी नाकात जोरात गेलं तरच तो मेंदूकडे जातो. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहतो, तळी, विहिरी, न धुतलेल्या टाक्या. क्लोरीनने मरतो, म्हणजे क्रिप्टोच्या अगदी उलट. पण एक गोष्ट कळकळीने सांगते, जलनेती करणाऱ्यांनी नळाचं पाणी तसंच वापरू नका. अमेरिकेत लुइझियानात २०११ मध्ये दोन माणसं नळाच्या पाण्याने नेती करून याच अमीबाने गेली. उकळून कोमट केलेलं पाणी घ्या, मीठ घालून, बास.

प्लँटमधून चांगलं पाणी निघतं म्हणता, मग आमच्या घरी जिआर्डिया कसा आला?

हे मी स्वतः भोगलंय. आमच्या मुलीला सहा वर्षांची असताना जुलाब सुरू झाले, थांबायचे, परत सुरू, तीन आठवडे. डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिली. तिसऱ्या वेळी शौचाची तपासणी केली तर जिआर्डिया. जिन्यात भेटलेल्या शेजारणीशी बोलताना कळलं की त्यांच्या मुलालाही तेच, मग वरच्या मजल्यावरही, मोजले तर आमच्या विंगमधली पाच घरं. बाजूच्या विंगमध्ये कुणालाच नाही आणि पाणी तर दोघांना एकाच लाइनचं. म्हणजे घोळ आमच्या टाकीत. जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं, त्याच्या काठाला बोटभर फट, आणि चार फुटांवर ड्रेनेजचा चेंबर. चेंबर तुंबला की पाणी त्या फटीकडेच पसरत होतं, सिमेंटवर काळसर ओघळाची खूण अगदी स्पष्ट दिसत होती. मी लॅबमध्ये दुसऱ्यांचं पाणी तपासत होते आणि माझ्या मुलीच्या ग्लासातलं पाणी या खुणेवरून येत होतं, अजूनही आठवलं की पोटात कालवतं.

शिवाय आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी सोडलं की लाइनमध्ये दाब, बंद केलं की दाब जातो, आणि मग फुटक्या जोडातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी म्हणूनच सगळ्यात धोक्याचं, ते पिण्याला भरू नका, झाडांना घाला. आणि नळाला डायरेक्ट मोटर लावणाऱ्यांनी हे समजून घ्या की मोटर रिकाम्या पाइपातून गटारही खेचते, ते फक्त तुमच्या घरात जात नाही.

हे काही आजचं नाही. १९३३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांतल्या जुन्या प्लंबिंगमध्ये मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या आवेने सुमारे १४०० लोक आजारी पडले, शंभराच्या जवळपास गेले. शहराचं पाणी ठीक होतं, बिल्डिंगच्या आतल्या पाइपांनी घात केला.

पाण्याच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय शून्य आहे. आता निर्धास्त?

बॅक्टेरियाच्या बाबतीत हो, परजीवींच्या बाबतीत नाही. क्लोरीनच्या पाण्यात ई. कोलाय मिनिटभरात मरतो आणि क्रिप्टो दहा दिवस जगतो, मग पहिला नाही म्हणून दुसरा नाही असं कसं म्हणणार. गावात एचटूएसची बाटली देतात, पाणी काळं पडलं तर दूषित, तीही बॅक्टेरियाचीच तपासणी. परजीवीसाठी किमान दहा लिटर पाणी खास फिल्टरमधून गाळायचं, चुंबकीय मण्यांनी सिस्ट वेगळ्या करायच्या, चमकणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली एक एक मोजायची, दिवस जातो त्यात. म्हणून रोज कुणी करत नाही.

आणि त्याही टेस्टचा अर्थ लावणं सोपं नाही. सिडनीत १९९८ मध्ये पाण्यात क्रिप्टो आणि जिआर्डिया सापडले, काही आठवडे तीस लाख लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, पण शहरात आजारी माणसं काही वाढली नाहीत. मेलेली ऊसिस्टही मायक्रोस्कोपखाली तशीच दिसते.

घरी काय करायचं? आरओ घेऊ का?

उकळणं हा राजा आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, बास, अमीबा, जिआर्डिया, क्रिप्टो सगळे गेले. वीस मिनिटं उकळून गॅस जाळायची गरज नाही. मात्र उकळलेलं पाणी त्याच न धुतलेल्या माठात ओतून वर हात बुडवून पेला भरला तर सगळं वाया, ओगराळं ठेवा.

आरओची जाळी सगळे परजीवी अडवते, पण धरणाचं गोडं पाणी असेल तर परजीवींसाठी आरओ लागत नाही, साधा यूएफ, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याचा अल्ट्राफिल्ट्रेशन फिल्टर पुरतो, त्याची छिद्रं ०.१ मायक्रॉनच्या आतली असतात, आणि पाणीही वाया जात नाही. यूव्ही दिवा क्रिप्टोवर फार छान चालतो, पण पाणी नितळ हवं आणि दिवा वेळेवर बदललेला हवा, नुसता निळा उजेड दिसतो म्हणून तो काम करतोय असं नाही. नुसता कार्बन फिल्टर वास घालवतो, परजीवी नाही. नळाला बांधायची जाळीची टोपी तर फक्त वाळू अडवते. तुरटी फिरवल्याने पाणी निवळतं आणि बरेच परजीवी तळाला जातात, वरचं पाणी अलगद काढून घेतलं तर उपयोग नक्की होतो, पण ती उकळण्याच्या आधीची पायरी समजा. क्लोरीनच्या गोळ्या पुरात, प्रवासात चांगल्या, क्रिप्टो सोडून.

मोठ्या प्लँटवर यूव्ही किंवा ओझोन का बसवत नाहीत सगळीकडे?

पैसा आणि वीज. यूव्ही क्रिप्टोवर इतका प्रभावी आहे हे नव्वदच्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, त्याआधी तसं कुणी मानत नव्हतं. तो परजीवीला मारत नाही, त्याचा डीएनए बिघडवतो, मग तो पोटात जाऊनही वाढू शकत नाही. न्यूयॉर्क आपलं डोंगरातलं बरंचसं पाणी फिल्टर न करताच पुरवतं, त्यांनी २०१३ मध्ये त्यासाठी अवाढव्य यूव्ही केंद्र उभारलं. आपल्याकडे आहे ती तुरटी आणि वाळू नीट चालवली, मीटर चालू ठेवले, ऑपरेटरला रात्रपाळीला एकट्याला सोडलं नाही तर त्यातच खूप काही साधेल असं मला वाटतं.

कुणी जास्त जपायचं?

केमो चालू असलेले, किडनी किंवा लिव्हर बदललेले, एचआयव्हीवाले, पाच वर्षांच्या आतली पोरं, गरोदर बाई. यांनी बारा महिने उकळलेलंच प्यावं, बर्फ आणि बाहेरचं सरबतही टाळावं. बाकीच्यांना क्रिप्टो झाला तरी एक-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप बरं होतं, ओआरएस देत राहा. जुलाब दोन आठवड्यांच्या वर गेले तर डॉक्टरांना शौच तपासणीचं आपणहून विचारा, आणि एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून सोडू नका, जिआर्डिया रोज दिसतोच असं नाही, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावे लागतात.

पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला नेमकं काय विचारायचं?

"पाणी शुद्ध आहे का" विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गेल्या महिन्याची एनटीयूची नोंद मागा, आणि ती जुलै-ऑगस्टची मागा, मार्चची नको. प्रत्येक फिल्टरचा आकडा वेगळा लिहितात की सगळ्यांचा एकत्र, हे विचारा, कारण एक बिघडलेला फिल्टर चांगल्या पाच फिल्टरांच्या सरासरीत लपतो. जार टेस्ट रोज होते का. बॅकवॉशनंतरचं पहिलं पाणी कुठे जातं. गावात असाल तर पंचायतीला पाण्याच्या सुरक्षिततेचं कुठलं कार्ड मिळालंय, हिरवं, पिवळं की लाल, ते बघा. नमुना तपासायचा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये देता येतो.

सोसायटीची टाकी किती दिवसांनी धुवायची?

दर सहा महिन्यांनी, त्यातली एक पावसाळा संपल्यावर लगेच. धुणाऱ्याला आत उतरवण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या, एकट्याला कधीच उतरवू नका. आणि टाकी रिकामी असतानाच बॅटरी घेऊन स्वतः आत डोकवा, भिंतीवर कुठे ओघळाची खूण आहे का, पाइप आत येतो तिथे सिमेंट सुटलंय का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का. आमच्या टाकीचं झाकण आता लोखंडी आहे, खाली रबर लावलंय, आणि ड्रेनेजचा चेंबर हलवून कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला नेलाय.